विमा नसेल तर अधिभार : ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय करव्यवस्थेचा अभ्यास

आजारपण कोणालाच चुकलेले नाही. परंतु त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक देशाने आपापल्या परीने दिले आहे. काही देशांत तो भार सरकार उचलते, काही ठिकाणी तो रुग्णाच्या कुटुंबावर पडतो, तर काही ठिकाणी विम्याच्या द्वारे तो अनेकांत वाटला जातो. ऑस्ट्रेलियाने या तिन्ही वाटांचा मेळ घालणारी एक व्यवस्था उभी केली आहे. तेथे सार्वजनिक रुग्णालयात प्रत्येक नागरिकाला विनामूल्य उपचार मिळण्याचा हक्क आहे. असे असूनही, ज्याचे उत्पन्न चांगले आहे आणि ज्याने खासगी रुग्णालय विमा घेतलेला नाही, अशा करदात्याकडून तेथील सरकार एक जादा कर वसूल करते. ज्या सेवेवर सर्वांचा हक्क मान्य केला, त्याच सेवेवर अवलंबून राहणाऱ्या सुस्थितीतील माणसाकडून अधिक कर का घ्यावा, हा प्रश्न सकृद्दर्शनी विसंगत वाटतो. या विसंगतीमागील विचार, त्याची अंमलबजावणी आणि तिचे बरेवाईट परिणाम यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. गोमंतकातील व शेजारच्या प्रदेशांतील अनेक मराठी कुटुंबांची मुले-मुली आज मेलबर्न, सिडनी आदी शहरांत नोकरीव्यवसायानिमित्त राहत असल्याने या विषयाला येथील वाचकांच्या दृष्टीने व्यावहारिक महत्त्वही आहे.

उपकर आणि अधिभार

आरंभीच दोन शब्दांतील भेद स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियातील सार्वत्रिक वैद्यकीय योजनेस ‘मेडिकेअर’ असे म्हणतात. या योजनेसाठी बहुतेक करदाते आपल्या करपात्र उत्पन्नाच्या २ टक्के इतका उपकर देतात. अत्यल्प उत्पन्न असणाऱ्यांना त्यातून पूर्ण वा अंशतः सूट आहे. या उपकराचा खासगी विम्याशी काहीही संबंध नाही. विमा असो वा नसो, तो द्यावाच लागतो.

अधिभार ही निराळी बाब आहे. तो उपकराच्या वर, १ ते १.५ टक्के या दराने आकारला जातो, आणि तोही दोन अटी एकत्र आल्या तरच. पहिली अट, उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असणे. दुसरी, पात्र असा खासगी रुग्णालय विमा नसणे. यांपैकी एक अट लागू होत नसेल तर अधिभार लागत नाही. म्हणजे उपकर हा सर्वांचा वाटा आहे, तर अधिभार हा सुस्थितीतील माणसाने केलेल्या निवडीचा आर्थिक परिणाम आहे. तेथे प्रथमच कामाला लागलेले अनेक जण या दोहोंची गल्लत करतात आणि ‘विमा घेतला की उपकर वाचेल’ असा समज करून घेतात. तो चुकीचा आहे.

आपल्याकडील व्यवस्थेशी तुलना केल्यास आणखी एक भेद ध्यानी येतो. भारतात २०१८-१९ या वित्तीय वर्षापासून आरोग्य व शिक्षण उपकर ४ टक्के दराने घेतला जातो. परंतु तो आयकराच्या रकमेवर असतो, उत्पन्नावर नव्हे. ऑस्ट्रेलियातील उपकर व अधिभार हे दोन्ही थेट उत्पन्नावर मोजले जातात. त्यामुळे टक्केवारीचा आकडा लहान दिसला तरी प्रत्यक्ष रक्कम लहान नसते.

पार्श्वभूमी

या व्यवस्थेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या मजूर पक्षीय सरकारने ‘मेडिबँक’ नावाची सार्वत्रिक आरोग्य विमा योजना मांडली, तेव्हा तिला कडवा विरोध झाला. वरिष्ठ सभागृहाने विधेयके अडवून धरली. अखेर १९७४ साली दोन्ही सभागृहे बरखास्त होऊन निवडणुका झाल्या आणि त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत ही विधेयके मंजूर करून घ्यावी लागली. १ जुलै १९७५ रोजी योजना सुरू झाली.

परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस सत्तांतर झाले. माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने १९७६ च्या ऑक्टोबरपासून २.५ टक्के उपकर बसविला आणि जो खासगी विमा घेईल त्याला त्या उपकरातून मोकळीक दिली. ‘विमा घ्या, नाहीतर कर भरा’ या कल्पनेचे बीज येथेच पडले असे म्हणता येईल. पुढे १९८१ साली मूळ मेडिबँक योजना गुंडाळण्यात आली. १९८३ मध्ये मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला आणि पंतप्रधान बॉब हॉक यांच्या कारकिर्दीत १ फेब्रुवारी १९८४ रोजी ‘मेडिकेअर’ या नावाने सार्वत्रिक योजना पुन्हा अस्तित्वात आली. तिच्यासाठी प्रारंभी १ टक्का उपकर होता. तो टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि अपंग व्यक्तींच्या राष्ट्रीय विमा योजनेस निधी मिळावा म्हणून १ जुलै २०१४ पासून २ टक्के करण्यात आला.

मेडिकेअरमुळे रुग्णालयाच्या बिलाची धास्ती संपली. तथापि त्याचा एक अपेक्षित परिणाम लवकरच दिसू लागला. विनामूल्य उपचार उपलब्ध असताना खासगी विम्याचे हप्ते का भरावेत, असा विचार धडधाकट तरुण करू लागले. १९८४ मध्ये देशातील सुमारे निम्म्या लोकांकडे रुग्णालय विमा होता. १९९८ च्या अखेरीस हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर आले.

विमा सोडून जाणाऱ्यांची ही गळती साधी नव्हती. ऑस्ट्रेलियातील कायद्यानुसार आरोग्य विमा कंपनीला आजारी माणसाकडून अधिक हप्ता घेता येत नाही. एकाच पॉलिसीसाठी धट्ट्याकट्ट्याला आणि व्याधिग्रस्ताला हप्ता सारखाच असतो. हे तत्त्व न्याय्य आहे. परंतु निरोगी माणसे बाहेर पडली की मागे उरलेल्यांत आजाऱ्यांचे प्रमाण वाढते, दाव्यांचा खर्च वाढतो, हप्ते वाढतात आणि वाढलेल्या हप्त्यांमुळे आणखी काही निरोगी माणसे बाहेर पडतात. विहिरीच्या कठड्याची एक चिरा निसटली की शेजारच्या चिरेचा आधार जातो, तसा हा प्रकार होता. खासगी रुग्णालयांकडे जाणारा रुग्णवर्ग घटला तर त्याचा बोजा सार्वजनिक रुग्णालयांवर पडेल, ही सरकारची चिंता होती.

दाम, दंड आणि वयाचा धाक

या चिंतेतून जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने तीन वर्षांच्या अवधीत तीन उपाय योजले. आपल्या परंपरेतील परिभाषेत सांगावयाचे तर त्यांत दाम होता, दंड होता आणि वयानुसार भेदही होता.

पहिला उपाय दंडाचा. १ जुलै १९९७ पासून वर्षाला ५०,००० डॉलरांहून अधिक उत्पन्न असणाऱ्या अविवाहित व्यक्तीवर आणि १,००,००० डॉलरांहून अधिक उत्पन्न असणाऱ्या कुटुंबावर, रुग्णालय विमा नसल्यास, १ टक्का अधिभार बसविण्यात आला. दुसरा उपाय दामाचा. १ जानेवारी १९९९ पासून विम्याच्या हप्त्यातील ३० टक्के रक्कम सरकार सोसू लागले. त्यासाठी उत्पन्नाची कोणतीही अट नव्हती. तिसरा उपाय वयाचा. १ जुलै २००० पासून असा नियम झाला की, वयाच्या तिशीनंतर जितकी वर्षे रुग्णालय विम्याविना जातील, त्या प्रत्येक वर्षामागे हप्ता २ टक्क्यांनी वाढेल. चाळिसाव्या वर्षी प्रथमच विमा घेणाऱ्यास २० टक्के जादा हप्ता पडतो. ही वाढ कमाल ७० टक्क्यांपर्यंत जाते आणि सलग दहा वर्षे विमा ठेवल्यास रद्द होते.

या तिन्हींचा परिणाम सारखा झाला नाही, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे. अधिभार लागू होऊनही विमेदारांची घट चालूच राहिली. सवलत सुरू झाल्यावर घट थांबली, पण वाढ अल्पच झाली. वयाचा नियम लागू होण्याची तारीख जवळ आली, सरकारने ‘आडोशाकडे धाव घ्या’ अशा आशयाची मोठी प्रसिद्धी मोहीम चालविली, आणि अवघ्या काही महिन्यांत विमेदारांचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर जाऊन पोहोचले. दरवर्षी द्यावा लागणारा दंड लोक पत्करतात. दामाचा लाभ सावकाश घेतात. परंतु ‘अमुक तारखेनंतर संधी गेली’ असे कळले की ते लगबगीने निर्णय करतात, असे यावरून दिसते. आजही रुग्णालय विमा असलेल्यांचे प्रमाण साधारणपणे ४५ टक्क्यांच्या आसपास आहे.

अधिभाराची आकारणी

२०१२ च्या जुलैपासून अधिभाराचे तीन टप्पे करण्यात आले. ऑस्ट्रेलियाचे वित्तीय वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते, हे येथे ध्यानात ठेवावे. २०२५-२६ या वर्षासाठीचे दर पुढीलप्रमाणे आहेत.

एकट्या व्यक्तीसाठी : १,०१,००० डॉलरांपर्यंत अधिभार नाही, १,०१,००१ ते १,१८,००० पर्यंत १ टक्का, १,१८,००१ ते १,५८,००० पर्यंत १.२५ टक्के, त्यापुढे १.५ टक्के.

कुटुंबासाठी : २,०२,००० डॉलरांपर्यंत अधिभार नाही, २,०२,००१ ते २,३६,००० पर्यंत १ टक्का, २,३६,००१ ते ३,१६,००० पर्यंत १.२५ टक्के, त्यापुढे १.५ टक्के. पहिल्या मुलानंतरच्या प्रत्येक अवलंबित मुलामागे कुटुंबाची मर्यादा १,५०० डॉलरांनी वाढते.

आता काही उदाहरणे घेऊ. समजा, एका अविवाहित अभियंत्याचे वार्षिक उत्पन्न १,२०,००० डॉलर आहे आणि त्याने विमा घेतलेला नाही. तो दुसऱ्या टप्प्यात येतो. १.२५ टक्के दराने त्याचा अधिभार १,५०० डॉलर होतो. २ टक्के उपकराचे २,४०० डॉलर निराळेच. त्याने १ जानेवारी २०२६ रोजी पात्र विमा घेतला व वर्षअखेरपर्यंत चालू ठेवला, तर विम्याविना गेलेले दिवस १८४ ठरतात. १,५०० डॉलरांना १८४ ने गुणून ३६५ ने भागले असता सुमारे ७५६ डॉलर येतात, तेवढाच अधिभार त्याला पडेल. म्हणजे आकारणी दिवसांच्या हिशेबाने होते. वर्ष संपल्यावर घाईने घेतलेला विमा मागील वर्षाच्या कामी येत नाही.

दुसरे उदाहरण कुटुंबाचे. पतीचे उत्पन्न १,३०,००० व पत्नीचे ८५,००० डॉलर असून त्यांना दोन लहान मुले आहेत. एकत्रित उत्पन्न २,१५,००० होते. दुसऱ्या मुलामुळे त्यांची मर्यादा २,०३,५०० डॉलर आहे. मर्यादा ओलांडल्यामुळे दोघांनाही आपापल्या उत्पन्नावर १ टक्का, म्हणजे अनुक्रमे १,३०० व ८५० डॉलर, असा एकूण २,१५० डॉलर अधिभार लागतो. येथे दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. पत्नीचे उत्पन्न एकट्या व्यक्तीच्या मर्यादेहून कमी असले तरी ती सुटत नाही, कारण कसोटी कुटुंबाची आहे. तसेच पती, पत्नी व अवलंबित मुले या सर्वांना विम्याचे संरक्षण असले पाहिजे. घरातील एक मूल जरी विम्याबाहेर राहिले तरी दोघांवर अधिभार येतो.

तिसरी बाब मर्यादेच्या काठावर असलेल्यांची. अधिभार मर्यादेवरील जादा उत्पन्नावर नसून संपूर्ण उत्पन्नावर असतो. त्यामुळे १,०१,००० डॉलर मिळविणाऱ्यास काहीच द्यावे लागत नाही. परंतु त्याला एक डॉलर अधिक मिळाला तर तब्बल १,०१० डॉलर भरावे लागतात. पायरी चढावयास जावे आणि कडा लागावा, असा हा प्रकार आहे.

मर्यादा ओलांडली की नाही हे ठरविताना केवळ करपात्र उत्पन्न पाहिले जात नाही. मालकाने दिलेल्या नोंदणीयोग्य सुखसोयींचे मूल्य, निवृत्तिवेतन निधीत स्वेच्छेने वळविलेली रक्कम आणि गुंतवणुकीतील निव्वळ तोटा हेही त्यात मिळविले जातात. भाड्याने दिलेल्या घराचा तोटा दाखवून उत्पन्न कमी करणाऱ्या माणसाला अधिभाराच्या कसोटीतून निसटता येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

कोणता विमा ग्राह्य

प्रत्येक आरोग्य विमा या कामी चालत नाही. दात, चष्मा, भौतिकोपचार यांसाठीचा विमा तेथे पुष्कळ लोक घेतात. परंतु केवळ तोच असल्यास अधिभार टळत नाही. प्रवास विमाही ग्राह्य नाही. विमा रुग्णालयातील उपचारांचा, नोंदणीकृत कंपनीचा असला पाहिजे आणि रुग्णाने वर्षभरात स्वतः सोसावयाची प्राथमिक रक्कम एकट्यासाठी ७५० व कुटुंबासाठी १,५०० डॉलरांहून अधिक असता कामा नये.

२०१९ च्या एप्रिलपासून रुग्णालय विम्याच्या पॉलिसींची ‘बेसिक’, ‘ब्राँझ’, ‘सिल्व्हर’ आणि ‘गोल्ड’ अशी वर्गवारी सुरू झाली. कोणत्या वर्गात कोणते उपचार किमानपक्षी समाविष्ट असावेत हे सरकारने ठरवून दिले आहे. बाळंतपणाचा खर्च समाविष्ट असण्याची सक्ती फक्त ‘गोल्ड’ वर्गात आहे, आणि तेथेही त्यासाठी बारा महिन्यांचा प्रतीक्षाकाल असतो. पूर्वीपासून असलेल्या बहुतेक व्याधींनाही तोच काल लागू होतो. उलट ‘बेसिक’ वर्गात पुनर्वसन, मानसोपचार व अंत्यकालीन शुश्रूषा यांचा, तोही मर्यादित स्वरूपात, समावेश पुरेसा मानला जातो. अधिभार टाळण्यासाठी मात्र हे चारही वर्ग सारखेच चालतात.

मर्यादा जागीच राहते तेव्हा

करविषयक कायद्यात आकडा एकदा लिहिला की तो जागीच राहतो, पण भोवतालचे वेतनमान व महागाई वाढत जाते. अधिभाराच्या बाबतीत असेच घडले. १९९७ साली ठरलेली एकट्या व्यक्तीची ५०,००० डॉलरांची मर्यादा २००८ पर्यंत तशीच होती. जो कर सुखवस्तू माणसासाठी आणला, त्याच्या कक्षेत मध्यम पगाराचा नोकरदार आपसूक येऊन पडला. २००८ मध्ये सरकारने ही मर्यादा बरीच उंचाविण्याचे ठरविले. विमा कंपन्यांनी व विरोधी पक्षांनी हरकत घेतली. लोक विमा सोडतील, हप्ते वाढतील आणि सार्वजनिक रुग्णालयांवर ताण येईल, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर तडजोड होऊन मर्यादा एकट्यासाठी ७०,००० व कुटुंबासाठी १,४०,००० डॉलर ठरली.

पुढे मर्यादा वेतनमानाशी जोडण्यात आली. परंतु २०१४-१५ पासून ती ९०,००० डॉलरांवर पुन्हा गोठविली गेली आणि जून २०२३ पर्यंत तशीच राहिली. त्यानंतर ती वर्षागणिक वाढत आहे. सरकारने कोणताही नवा कर न लादताही केवळ जुना आकडा न हलविल्याने कराचे जाळे कसे पसरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कागदावरचा विमा

या व्यवस्थेच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद साधा आहे. ज्याला परवडते त्याने खासगी रुग्णालयात जावे, म्हणजे सार्वजनिक रुग्णालयातील खाट गरजूला मिळेल. आणि ज्याला खासगी विमा नको असेल त्याने सार्वजनिक तिजोरीत थोडी अधिक भर घालावी. यात कोणाचाही हक्क हिरावला जात नाही. अधिभार भरणारा माणूसही सार्वजनिक रुग्णालयात इतरांप्रमाणेच दाखल होऊ शकतो.

परंतु विमा घेतला जाणे आणि खाट रिकामी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि या अभ्यासाचे मर्म येथेच आहे. अधिभारामुळे सुस्थितीतील तरुण करदाता एक हिशेब करतो. अधिभाराची रक्कम एका बाजूस मांडतो, सर्वांत स्वस्त ‘बेसिक’ पॉलिसीचा हप्ता दुसऱ्या बाजूस. हप्ता कमी किंवा बरोबरीचा असला की तो पॉलिसी घेतो. तिच्यात बहुतेक शस्त्रक्रियांचा समावेश नसतो, हे त्याला ठाऊक असते. पुढे तो खरोखर आजारी पडला तर सार्वजनिक रुग्णालयातच जातो. अपघात व आकस्मिक आजार यांची ने-आण तर बहुतांशी सार्वजनिक रुग्णालयांतच होते. अशा वेळी पॉलिसी निघाली, विमेदारांच्या संख्येत एकाची भर पडली; परंतु रांग होती तेवढीच राहिली. शिवाय जी रक्कम अधिभार म्हणून सरकारी तिजोरीत यावयाची ती विमा कंपनीकडे गेली.

समर्थकांचे यावरील उत्तरही विचारात घेतले पाहिजे. असा तरुण दावे करीत नाही, पण हप्ता भरतो. त्याच्या हप्त्यातून वृद्ध व व्याधिग्रस्त विमेदारांचा भार हलका होतो, त्यांचे हप्ते आवाक्यात राहतात आणि ते खासगी रुग्णालयात उपचार घेऊ शकतात. म्हणजे त्याने खाट थेट रिकामी केली नसली तरी दुसऱ्या कोणाला ती रिकामी करण्यास मदत केली. या म्हणण्यात तथ्य आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की, हीच मदत अधिक सरळ मार्गाने करता आली नसती काय? हप्त्यांवरील सवलतीपोटी तेथील केंद्र सरकार दरवर्षी सहा अब्ज डॉलरांहून अधिक खर्च करते. २०१२ पासून ही सवलत उत्पन्नाशी निगडित करण्यात आली. आज अल्प व मध्यम उत्पन्नाच्या, पासष्टीखालील विमेदाराला ती हप्त्याच्या चौथ्या भागाहून किंचित कमी मिळते आणि वरच्या टप्प्यातील माणसाला मुळीच मिळत नाही. हा पैसा सार्वजनिक रुग्णालयांना थेट द्यावा की विम्याच्या मार्गाने खर्च करावा, यावर तेथील अर्थशास्त्रज्ञांत व राजकीय पक्षांत दीर्घकाळ मतभेद आहेत.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. उपकर व अधिभार यांची रक्कम रुग्णालयांसाठी निराळी काढून ठेवलेली नसते. ती केंद्र सरकारच्या सर्वसाधारण महसुलात जमा होते. तेव्हा ‘अधिभार भरला म्हणजे रुग्णालयाला देणगी दिली’ असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही आपण सार्वजनिक व्यवस्थेच्या बाजूचे आहोत, तेव्हा विमा कंपनीपेक्षा सरकारला पैसा देणे पसंत करू, अशी भूमिका घेणारे काही करदाते आहेत. त्यांची भूमिका कायद्याला मान्य आहे, कारण कायदा निवड करू देतो, फक्त तिची किंमत सांगतो.

तेथे जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयाच्या बाबी

नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर तेथे गेलेल्या ज्या व्यक्तीला मेडिकेअरचा हक्क नाही, तिला तसे प्रमाणपत्र रीतसर अर्ज करून मिळविता येते आणि त्याच्या आधारे उपकरातून सूट मागता येते. ही सूट आपोआप मिळत नाही. परदेशी अभ्यागतांसाठी असलेला आरोग्य विमा परवान्याच्या अटींसाठी उपयोगी असला तरी अधिभाराच्या दृष्टीने तो पात्र रुग्णालय विमा मानला जात नाही.

कायम वास्तव्याचा परवाना मिळून मेडिकेअरमध्ये नोंदणी झाल्यावर मात्र परिस्थिती बदलते. अशा व्यक्तीचे वय ३१ हून अधिक असल्यास, नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत रुग्णालय विमा घेतला तर वयाचा जादा हप्ता लागत नाही. ही मुदत उलटू दिली तर मागील सर्व वर्षांचा हिशेब होतो. चाळिशीच्या घरात तेथे स्थायिक होणाऱ्या कुटुंबाला हा मोठाच फरक आहे. भारतात वर्षानुवर्षे आरोग्य विमा घेतलेला होता, ही गोष्ट त्या हिशेबात धरली जात नाही.

मुलांना भेटावयास जाणाऱ्या आईवडिलांविषयीही प्रश्न विचारला जातो. अधिभाराच्या कसोटीत अवलंबित म्हणजे पती वा पत्नी आणि मुले. आईवडील त्यात मोडत नाहीत. त्यांच्या विम्याने मुलाचा अधिभार टळत नाही आणि त्यांना विमा नाही म्हणून मुलावर अधिभार येतही नाही. तथापि भारतातून अभ्यागत म्हणून जाणाऱ्यांना मेडिकेअरचा आधार नसल्याने त्यांनी स्वतंत्र विमा घेऊन जाणे शहाणपणाचे आहे.

आपल्याकडील वाट

भारताने दंडाचा मार्ग स्वीकारलेला नाही. सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ पॉलिसी आणली, आणि त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने आरोग्य विम्याच्या हप्त्यावर आयकरात वजावट देण्याची तरतूद केली. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या करदात्याला अशी वजावट मिळत आली आहे. नव्या करप्रणालीत ती नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द करण्यात आला. विमा न घेणाऱ्यावर मात्र कोणताही अधिभार नाही.

गोव्याने आणखी एक पाऊल टाकले. २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत किमान पाच वर्षे राज्यात वास्तव्य असलेल्या कुटुंबांना उत्पन्नाची अट न घालता विमा संरक्षण देण्यात आले. तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख रुपये व त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपये अशी त्याची मर्यादा ठरविण्यात आली. येथे विम्याच्या बाहेर राहणाऱ्याला दंड करून आत आणण्याऐवजी सर्वांनाच आत घेण्याचा प्रयत्न आहे. दोन्ही मार्गांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र एकच आहे : सार्वजनिक रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वेळेवर खाट कशी मिळेल?

समारोप

ऑस्ट्रेलियाच्या अनुभवातून तीन गोष्टी शिकता येतात. पहिली, विनामूल्य सार्वजनिक सेवा व खासगी विमा शेजारी शेजारी नांदू शकतात. परंतु दोहोंतील तोल आपोआप राहत नाही, तो पुनःपुन्हा साधावा लागतो. दुसरी, करातील मर्यादा काळाप्रमाणे हलविली नाही तर श्रीमंतासाठी आणलेला कर मध्यमवर्गाच्या अंगावर येतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, विमेदारांची संख्या हे यशाचे माप नव्हे. करामुळे माणूस पॉलिसी विकत घेईल, पण ती पॉलिसी त्याच्या आजारपणात उपयोगी पडते की केवळ करपत्रकाला जोडण्यापुरती असते, हे पाहिले पाहिजे. ज्या विम्याने रुग्णाचा खर्च वाचत नाही आणि रांगही कमी होत नाही, तो कागदच ठरतो. म्हणून विमा उतरविणाऱ्या प्रत्येकाने, मग तो मेलबर्नमध्ये असो वा मडगावात, हप्त्याच्या आकड्याआधी पॉलिसीतील समाविष्ट उपचारांची यादी वाचावी, आणि योजना आखणाऱ्यांनी विमापत्रांच्या आधी खाटा मोजाव्यात, हेच या अभ्यासाचे सार आहे.